पहिला पीस

सिडको, नाशिक
रविवार, दुपार

चि. मनू हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू 'हं, बोला बाबा' म्हणतेस आणि मागे तुझ्या रूममधल्या पोरी खिदळत असतात, मग माझं निम्मं बोलणं राहून जातं. आणि आजचं प्रकरण जरा लांबणारं आहे.

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा ठरलंय. रंगारी म्हणाला, भिंती मोकळ्या करून ठेवा, म्हणून तुझ्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट मी रिकामं करायला घेतलं. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "बाबा, ते सगळं लहान मुलांचं आहे. देऊन टाका कुणालातरी." बरं. किराणावाल्याकडून दोन खोकी आणली, मार्करने एकावर 'द्यायचं' लिहिलं, एकावर 'ठेवायचं'. वरच्या फळीपासून सुरुवात केली, पहिलंच पुस्तक हातात आलं, सहज उघडलं आणि फरशीवर बसलो. संध्याकाळी आई येऊन म्हणाली, "रंगारी भिंतीला रंग देणार आहे की तुम्हाला?"

याला महिना झाला. रंगारी दोनदा येऊन परत गेला. मी मात्र तुझ्या कपाटातल्या जेवढ्या मालिका आहेत, त्यांचे पहिले भाग वाचले. फक्त पहिले. दुसऱ्याला हात लावला नाही, त्यामागे माझं एक कारण आहे, ते सांगतो. वाचायला वेळ कुठून मिळाला विचारशील तर कंपनीची बस. सिन्नरला जाताना पाऊण तास, येताना द्वारकेच्या ट्रॅफिकसकट एक तास. शेजारी बसणारे आमचे लेथवाले सुरुवातीला हसले. साठीला आलेला माणूस ड्रॅगनचं चित्र असलेलं पुस्तक वाचतोय म्हटल्यावर हसणारच. आता ते रोज विचारतात, "काय, पोरगं पोचलं का समुद्रापर्यंत?"

माझं इंग्रजी तुला माहितीय. ड्रॉइंगवरचं इंग्रजी पाठ, बाकीचं चाचपडत. पण या पुस्तकांचा एक फायदा असा की निम्मे शब्द लेखकानेच बनवलेले असतात. ते कुणालाच येत नाहीत. तिथे मी आणि इंग्लंडातलं पोर सारखेच.

आता माझं कारण. आमच्याकडे मशीनवर नवा जॉब लागला की सेटर सेटिंग करतो आणि पहिला पीस काढतो. तो क्वालिटीकडे जातो, मायक्रोमीटर लागतो, प्रत्येक माप ड्रॉइंगशी ताडून बघतात. पास झाला तरच लॉट चालू. नवीन पोरांना वाटतं, पहिला पीस म्हणजे नमुना, दाखवण्यापुरता. तसं नसतं. तो पास झाला की त्याच लॉटमध्ये जातो, तोही कुणाच्यातरी गाडीत बसणार असतो. 'पुढच्या पीसला भोक पाडतो साहेब, याला चालवून घ्या' असं म्हणता येत नाही. मालिकेच्या पहिल्या पुस्तकाकडे मी असाच बघतो. मागून सहा भाग येणार असतील, येऊ देत. पण जो हातात दिलाय, त्याला त्याचं भोक पाडलेलं पाहिजे.

तू म्हणशील, बाबांनी पुस्तकांचंही इन्स्पेक्शन लावलं. लावलं. आणि मार्कही दिले, पण आपल्या नाशिकच्या पद्धतीने. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की आपण क्युसेक विचारतो का? आपण नदीतल्या मूर्तीकडे बघून विचारतो, "पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टात अख्खा मारुती बुडाला तेव्हा आपण पुलाच्या अलीकडून बघितलं होतं, तू माझी छत्री ओढून धरली होतीस. तेच माप इथे.

सुरुवात हॅरीपासून करायलाच हवी, कारण तो आपण दोघांनी मिळून वाचलाय. तू तिसरीत होतीस आणि मराठी भाषांतर आणलं होतं, 'हॅरी पॉटर आणि परीस'. त्या नावातला 'परीस' मला तेव्हाही आवडला होता आणि आता इंग्रजी वाचल्यावर जास्तच आवडला. मूळ नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन' आहे. १९९७ साली इंग्लंडात ते आलं, पहिली छपाई पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रतींची. पुढच्या वर्षी अमेरिकेत काढताना तिथल्या प्रकाशकाने नावातला फिलॉसॉफर काढून जादूगार घातला, मुलांना जड जाईल म्हणून. आपल्याकडे अडचणच नाही. परीस म्हटलं की तिसरीतल्या पोरीलाही कळतं, लोखंडाचं सोनं. तू एकदाही 'म्हणजे काय' विचारलं नव्हतंस.

या वेळी वाचताना मला जिन्याखालचं कपाट, घुबडं, भिंतीतून जाणारा प्लॅटफॉर्म यांचं एवढं काही वाटलं नाही. ते आता सगळ्यांचं झालंय. मला थांबवलं शेवटच्या हिशोबाने. वर्षअखेरीला गुण मोजतात, हेडमास्तर ऐन वेळी रॉनला ५०, हर्मायनीला ५०, हॅरीला ६० वाढवून देतात आणि दोन्ही घरं ४७२ वर बरोबरीत येतात. मग तो घाबरट नेव्हिल, त्याला १०. कशाबद्दल, तर आपल्याच मित्रांना आडवं येण्याचं धाडस केलं म्हणून. लेखिकाबाईंनी अख्ख्या पुस्तकभर त्या पोराला पडताना, विसरताना, रडताना दाखवलं आणि शेवटचा १० गुणांचा स्क्रू त्याच्यावर फिरवला. ही सेटिंग. (बाकी, आमच्या कंपनीत मॅनेजरने असे ऐन वेळी पॉइंट वाढवून इन्सेन्टिव्ह दिला असता तर युनियनने गेट बंद केलं असतं. समोरच्या घराच्या रंगांत हॉल सजला होता, त्या पोरांचं काय?) परीस मिळतो, चोर कळतो, वर्ष संपतं, पोरगं घरी जातं. मोठा शत्रू बाकी आहे, पण या पुस्तकाचं देणं चुकतं झालंय. पाणी छातीपर्यंत.

यानंतर मी चिडलो, ते नार्नियावर. खरं तर नार्नियावर नाही, तुझ्या संचावर. सात पुस्तकांचा तो संच, कण्यावर आकडे. मी सरळमार्गी माणूस, एक नंबर लिहिलेलं घेतलं, 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. वाचलं, बरं वाटलं. मग दोन नंबरचं चाळलं, तेव्हा शंका आली. नियम मोडून तेही वाचलं आणि मग तारखा बघितल्या. दोन नंबरचं, म्हणजे 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', ते कपाटाचं, १९५० साली आलेलं. एक नंबरचं आलं १९५५ ला. लेखकाने आधी लिहिलेलं पुस्तक पुढच्या संचांत मागे ढकललं, कारण काय तर गोष्टीतला काळ आधीचा. घरात कुणी आधी जन्मलं याच्यावर पंगतीत वाढायचं का?

नुकसान काय झालं सांगतो. ती लहान मुलगी कपाटात शिरते, कोट बाजूला करत जाते, पायाखाली बर्फ लागतो, आणि समोर जंगलात एक दिव्याचा खांब. जंगलात, एकटाच, पेटलेला. कुणी लावला, वायर कुठून आली, काही नाही. मला त्या खांबापाशी तिच्यासारखंच उभं राहायचं होतं. पण एक नंबरच्या पुस्तकाने मला आधीच सांगून टाकलं होतं की तो खांब तिथे कसा आला. मग काय, 'हां, तोच तो' म्हणून पुढे गेलो.

तुला आठवतं का, पाच वर्षांची असशील, रंगपंचमीला तुला जुन्या नाशकात नेलं होतं? शनि चौकात तू रहाडीच्या काठावर उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "बाबा, इथे काल रस्ता होता ना?" बरोबर होतं तुझं. वर्षभर लाकडं टाकून, वर माती लोटून रहाड झाकलेली असते, तिच्यावरून स्कूटर जातात, भाजीवाले बसतात. एक दिवस उघडतात आणि खाली पेशवाईपासूनचा दगडी हौद, काठोकाठ रंग, आणि माणसं त्यात धप्पा मारतायत. तू माझ्या खांद्यावर चढलीस ती उतरेना. आदल्या दिवशी तुला मी रहाडीचा इतिहास सांगत बसलो असतो तर? म्हणून सांगतो, तुझ्या त्या संचावरचे आकडे मी पेनाने खोडलेत आणि कपाटाच्या पुस्तकावर १ लिहिलाय. रागावू नकोस. काकूच्या ओमने किंवा आणखी कुणी वाचलं तर सरळ वाचेल. कपाटाचं पुस्तक, कमरेच्या वर. मधेमधे उपदेश फार येतो, नाहीतर आणखी चढलं असतं.

आता माझं सगळ्यात आवडतं. तुझ्या कपाटात मागे, आडवं पडलेलं, सगळ्यात बारीक. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. अर्सुला ल ग्विन बाईंचं, १९६८ चं. म्हणजे जादूच्या शाळेत जाणारं पोर हॅरीच्या जवळजवळ तीस वर्षं आधी इथे आहे. बेटांचं जग. शेळ्या राखणारा एक तांबूस काळा पोरगा, अंगात रग, डोक्यात हवा. शाळेत दुसऱ्या पोराला दाखवून द्यायच्या नादात तो मेलेल्याला बोलावतो, आणि फटीतून एक सावली बाहेर पडते. उरलेलं पुस्तक म्हणजे ती सावली त्याच्या मागे आणि नंतर तो तिच्या मागे.

पण मला धरून ठेवलं ते नावांनी. तिथे प्रत्येकाला दोन नावं. एक हाक मारायचं, एक खरं. खरं नाव ज्याला कळलं, त्याच्या हातात तुम्ही. म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही. हे वाचताना मला लेखिका परदेशातली वाटेचना. माझी आजी, निफाडकडच्या गावात, उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही तिने. खानेसुमारीवाला दारात आला, "मालकाचं नाव?" तर आजीने मला पाठीतून पुढे ढकललं, "तू सांग रे." आमच्या गावात ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे मुलाचं नाव ठेवायचे दगडू, नाहीतर धोंडू. दगडाला कोण नेणार? आणि लग्नात नाव घ्यायची वेळ आली की उखाण्यात गुंडाळून घ्यायचं, आधी चांदीचं ताट, मग कुठे ते नाव. त्या बाईंनी आपला उखाणा ऐकला नव्हता हे नक्की. पण नाव म्हणजे नुसता शब्द नव्हे, हे त्यांना माझ्या आजीइतकंच कळलेलं.

एक जागा मी तीनदा वाचली. पोरगा, गेड त्याचं नाव, सावलीच्या हल्ल्यातून वाचलाय, चेहऱ्यावर व्रण, शाळेत मागे पडलाय, कुणी बोलत नाही. आणि त्याचा एक मित्र, शिक्षण पूर्ण करून घरी निघालेला, जाताना त्याला आपलं खरं नाव सांगतो. मिठी नाही, भाषण नाही. नुसतं नाव सांगतो. त्या जगात याचा अर्थ असा की घे, माझा जीव तुझ्याकडे राहू दे. बसमध्ये मी पुस्तक मिटलं आणि पळसे येईपर्यंत बाहेर बघत बसलो.

शेवट तुला माहितीय. भर समुद्रात तो सावलीला गाठतो आणि तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव त्याचंच असतं. पुस्तक संपलं. पुढे भाग आहेत, दुसरा लगेच दोन-तीन वर्षांनी आला, पण या पुस्तकाला त्यांच्याकडून काही उसनं घ्यायचं नाही. दोनशे पानांच्या आत पूर्ण पार्ट, एकही बर नाही, कडेला धातूचा काटा राहिलेला नाही, बोट फिरवून बघ. इथे मारुती बुडाला.

आता एक गंमत. 'एरॅगॉन' तुला मीच आणलं होतं, रस्त्यावर पुस्तकं मांडून बसतात त्यांच्याकडून, स्वस्तात. वाचताना मला एका ठिकाणी वाटलं, हे लोक या गावात कधी आले? पण म्हटलं असेल, आपलंच इंग्रजी. पुढे पंधरा-वीस पानं गेल्यावर सहज पानांचे आकडे बघितले तर मधे १६ पानं नाहीत. अख्खा एक फॉर्मा बाइंडिंगला गळलेला. नकली प्रत, माझीच चूक. पण बघ, १६ पानं नसताना माझं काही अडलं नाही. याहून जास्त मी त्या पुस्तकाबद्दल काय सांगू?

नाही, अन्याय नको. लेखकाने पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं पुस्तक ते. आईवडिलांनी २००२ ला स्वतः छापलं, पोरगा शाळाशाळांतून वाचनालयांतून वेष करून ते विकत हिंडला, मग पुढच्या वर्षी मोठ्या प्रकाशकाने उचललं. त्याचं कौतुक मला आहे, मीही ओव्हरटाइम करूनच शिकलो. पण वाचताना प्रत्येक पार्ट ओळखीचा वाटतो. शेतावरचं अनाथ पोर, म्हातारा गुरू, गुरूचं गुपित, बापाची भानगड. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून काढलेला जॉब. जंगलात सापडलेला निळा दगड तडकतो आणि आतून पिल्लू निघतं, ते तळहाताला शिवतं, तेवढं प्रकरण मात्र त्याचं स्वतःचं वाटतं, आणि ते सुंदर आहे. बाकी सगळं 'पुढच्या भागात'. तीन भागांची मालिका म्हणून सांगितली आणि चार केले. घोट्याला पाणी.

हे 'पुढच्या भागात' काय नवीन नाही म्हणा. आम्ही लहानपणी चांदोबाची वाट बघायचो. त्यातल्या लांब गोष्टी महिनोन्महिने चालायच्या, राजपुत्र दरीत लोंबकळतोय आणि खाली कंसात शब्द येणार, की बस महिनाभर. पण त्याच अंकात विक्रम आणि वेताळही असायचा. त्याची युक्ती बघ. दर वेळी वेताळ एक गोष्ट सांगतो, ती पूर्ण. प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, तेही पूर्ण. आणि मग उत्तर दिलंस म्हणून वेताळ परत झाडाला. पंचवीस कथांची मालिका आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सोमदेवाच्या कथासरित्सागरात लिहिलेली आहे, आणि एकदाही कुणाला अर्धपोटी उठवलेलं नाही. उत्सुकता राहते ती पोट भरल्यावरची. क्रमशः लिहायला माझी हरकत नाही. आधी वाढा, मग उद्याचं आमंत्रण द्या.

'आरू शाह'बद्दल आपलं भांडण होणार आहे, तेव्हा थोडक्यात. २०१८ चं पुस्तक, अटलांटातल्या म्युझियममध्ये राहणारी बारा वर्षांची मुलगी, वर्गातल्या पोरांना थापा मारते, त्या निभावायला शापित दिवा पेटवते, सगळं जग थिजतं, आणि कळतं की आपल्यात पांडव आहे. स्पायडरमॅनच्या पायजम्यात पांडव, हे मला फार आवडलं. पोरगी थापाडी आहे आणि थापाडीच राहते, तेही. पण दर चार पानांनी इंद्र कोण, यम कोण हे समजावून सांगतात, तिथे मी पानं उलटली. नंतर वाटलं, ते माझ्यासाठी नाहीच. ते तिथल्या पोरीसाठी आहे, जिला शाळेत आपलं नाव रोज स्पेलिंग करून सांगावं लागतं. आपण पंचवटीच्या गावचे. सीतागुंफेबाहेर चप्पल काढून वाकून आत जायचं, तपोवनात शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे आपण बालवाडीत ऐकलेलं. आणि पांडव तर आपण इतके घरचे मानले की त्रिरश्मी डोंगरावरच्या दोन हजार वर्षांच्या बौद्ध लेण्यांनाही पांडवलेणी करून टाकलं. शिलालेख सातवाहनांचे, नाव पांडवांचं. त्या अटलांटाच्या बाईंनी पांडव म्युझियममध्ये नेले तर आपण कुठल्या तोंडाने बोलणार? गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. भांड आता.

दोन-तीन मालिकांचं मी लिहीतच नाही. राजवाडा, मुखवटा, एक गोरा आणि एक गूढ असे दोन राजपुत्र, आणि कोणाला निवडू यात चारशे पानं. ती 'द्यायचं'मध्ये गेली. आईने त्यातलं एक काढून घेतलंय, तिला विचारू नकोस.

आता ओमचं. काकू सांगत होती, सातवीत गेला तरी वाचायचं नाव काढत नाही, अक्षरं नाचतात म्हणतो. शाळेत त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, मलाही तेच म्हणायचे. 'द लाइटनिंग थीफ' वाचताना मला सारखा तोच दिसत होता. रिक रायर्डन हा शिक्षक माणूस. त्याच्या मुलाला वाचायला जड जायचं, एका जागी बसवायचं नाही, तर हा त्याला झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायचा. सगळ्या संपल्यावर मुलगा म्हणाला, नवीन बनव. २००५ साली त्याचं पुस्तक झालं. त्यातल्या पोराला इंग्रजी अक्षरं नाचतात कारण त्याचा मेंदू जुन्या ग्रीकसाठी बनलेला आहे, आणि हातपाय स्वस्थ बसत नाहीत कारण ते लढाईसाठी आहेत. बापाने मुलाचं प्रगतिपुस्तक घेतलं आणि त्याच्यावरच लाल शाईऐवजी गोष्ट लिहिली. पहिल्या प्रकरणात गणिताची बाई राक्षसीण निघते आणि तो तिची राख करतो, पेनाच्या तलवारीने. असं कुठल्या पोराला वाटलेलं नाही? देवांचा पत्ता न्यूयॉर्कच्या टोलेजंग इमारतीत सहाशेवा मजला. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आपल्या देवांनाही गल्ल्या आणि घरनंबर आहेत. चोरीला गेलेली वीज परत मिळते, काम फत्ते, आणि शेवटच्या प्रकरणात एक विंचू सोडून ठेवलाय, तेवढाच पुढच्यासाठी. वेताळाच्या पद्धतीने.

मागच्या रविवारी ओम आला होता. मी त्याला दिलं नाही, वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत, फक्त पहिलं प्रकरण. मग म्हटलं मला चहा टाकायचाय, आणि उठलो. चहा मी जरा सावकाश केला. बाहेर आलो तर तो जिन्यात बसून बोट ठेवून एकेक ओळ लावत होता. अर्ध्या तासात दीड पान. जाताना पुस्तक शर्टात घालून नेलंय, विचारलं नाही. तेव्हा ते 'द्यायचं'मध्ये धर.

राहिलं शेवटचं. 'नॉर्दर्न लाइट्स', फिलिप पुलमन, १९९५. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण यात माझा हिशोब चुकला. इथेही कपाट आहे, पण त्यातून कुठे जायचं नाही, पोरगी आत लपून मोठ्या माणसांचं बोलणं ऐकते. प्रत्येक माणसाबरोबर त्याचा जीव बाहेर, जनावराच्या रूपात. मोठ्यांचं रूप ठरलेलं. मुलांचं दर घडीला बदलतं, आत्ता पतंग, आत्ता मुंगूस, आत्ता मांजर. मोठं होताना एक दिवस ते ठरून जातं आणि मग बदलत नाही. आईला हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "मनूचं दहावीत ठरलं." मी म्हटलं, नाही गं, अजून नाही. आमचं यावर एकमत नाही. "तुझी स्वतःची साळुंकी आहे," हे मात्र मी तिला सांगितलं.

बर्फातली ती लांब कामगिरी, पोरांना त्यांच्या जिवापासून तोडणारं ते केंद्र, सगळं नीट पार पडतं. मला वाटलं, झालं, पास. आणि शेवटच्या काही पानांत तो माणूस सगळं उलटं करतो. ज्या मित्राला सोडवायला पोरगी एवढी धावली, त्याला ती स्वतःच नेऊन पोचवते, जिथे न्यायला नको तिथेच. बापाच्या दारात. आणि पुस्तक संपतं ते आकाश फाटल्यावर, ती एकटी त्यात चालत जाते. सिनेमावाल्यांनी २००७ साली तो शेवट कापूनच टाकला होता म्हणे, आणि मला त्यांचा राग येत नाही, मलाही कापावासा वाटला. बस सिडकोत शिरली, त्रिमूर्ती चौक गेला, ड्रायव्हरने आरशातून हाक मारली तेव्हा कळलं. दोन स्टॉप पुढे गेलो होतो.

चालत येताना ठरवत होतो, हा पीस पास की रिजेक्ट. भोक पाडलेलं नाही, धार तशीच उघडी, हाताला लागते. माझ्या नियमाने रिजेक्ट. पण घरी आलो आणि हातपाय न धुता तुझ्या खोलीत गेलो, दुसरा भाग काढायला. त्या फळीवर पुस्तकं तिरकी होऊन पडलेली मी पहिल्या दिवसापासून बघत होतो, मधलं एक काढलं की होतात तशी. पहिला आहे, तिसरा आहे. 'द सटल नाइफ' नाही. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, खोकी पुन्हा उपसली.

मग आठवलं, पुण्याला जाताना तुझी निळी सॅक मी उचलली होती आणि जड लागली म्हणून विचारलं होतं. तू म्हणालीस, मेकॅनिक्सचं पुस्तक आहे.

दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. कुरिअर नको, हरवतात. रंगाऱ्याला मी तोवर थांबायला सांगितलंय.

तुझा,
बाबा